पाचव्या महिन्यात घर सोडताना

भुसावळला आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत कायम रेल्वेचे लोक राहत आले. बदलीची ऑर्डर आली की भाडेकरू संध्याकाळी खाली यायचे. अण्णा वही काढायचे, डिपॉझिटातून लाइटबिल वजा करायचे आणि उरलेले पैसे लगेच हातावर ठेवायचे. अकरा महिन्यांचा करार कपाटात असायचा, पण तो कधी बाहेर काढल्याचं मला आठवत नाही. बदलीवाल्याला अडवायचं नाही, ही त्यांची रीत.

इथे न्यू जर्सीत, एडिसनला, आम्ही वर्षाच्या लीजवर घर घेतलं आणि पाचव्या महिन्यात यांचं काम डॅलसला हललं. मला वाटलं, जाऊन सांगितलं की झालं. ऑफिसातल्या बाईंनी करार माझ्याकडे फिरवला, शेवटच्या तारखेखाली पेनाने रेघ ओढली आणि उरलेल्या सात महिन्यांचं भाडं भरा म्हणाल्या. पोटात गोळाच आला.

नोकरीतली बदली हे इथे लीज मोडायचं कायदेशीर कारण नाही. सैन्यातल्या माणसाला बदलीचा हुकूम आला तर केंद्रीय कायदा त्याला मोकळं करतो, आपल्याला नाही. काही करारांत ठरावीक रक्कम भरून सुटायचं कलम असतं. आमच्यात ते नव्हतं, आणि सही करताना मी ते शोधलंही नव्हतं.

मात्र घरमालकालाही हातावर हात ठेवून बसता येत नाही. हॅकेनसॅक गावात एका विद्यार्थ्याने लग्न ठरलं म्हणून दोन वर्षांसाठी घर घेतलं. लग्न मोडलं, तेव्हा त्याने घर नको असं पत्राने कळवलं. मालकाने उत्तर दिलं नाही, विचारायला आलेल्या गिऱ्हाइकालाही परत पाठवलं आणि वर भाड्यासाठी दावा लावला. 1977 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : दुसरा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न मालकाने केलाच पाहिजे, आणि तो केल्याचं त्यानेच सिद्ध करायचं. (प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, हे ध्यानात ठेवा.)

मग आम्हीही पत्र लिहिलं. सोडायची तारीख, नवा पत्ता, घर दाखवायची तयारी, सगळं त्यात घातलं. रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवली. शेगडीमागच्या भिंतीवरचे फोडणीचे डाग मी दोन दिवस घासत होते. दुसऱ्या शनिवारी आलेल्या एका तेलुगू कुटुंबाला घर पसंत पडलं. मधे घर एक महिना रिकामं राहिलं, तेवढं भाडं आम्ही भरलं. डिपॉझिट इथे दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यावर 30 दिवसांत व्याजासकट परत करावं लागतं. आमचा चेक डॅलसला वेळेत आला.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रिकाम्या महिन्याचं घेतलं ते बरोबर. पण सात महिन्यांचं मागायला नको होतं गं त्यांनी."

मुलं शिकायला इकडे येणार असतील तर सही करण्याआधी एवढंच विचारायला सांगा : मधेच सोडलं तर किती भरायचं? उत्तर लेखी घ्या.