लंडन–न्यूयॉर्क: अंतर तेच, वेळ वेगळी

लंडनचं हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके, सर्वांत जवळच्या वाटेने मोजलं तर साधारण ५,५४० किलोमीटर. वेळापत्रकात जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सात. घड्याळातला पाच तासांचा फरक वजा केल्यावरही हा एक तास उरतोच. त्याचं मला फार कुतूहल होतं, म्हणून या वेळी सिनेमा न लावता समोरच्या पडद्यावर नकाशाच चालू ठेवला.

दारं बंद झाली तरी विमान लगेच उडालं नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे रांगेत थांबणं, हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी.

न्यूयॉर्क लंडनच्या जवळजवळ अकरा अंश दक्षिणेला आहे, तरीही आम्ही निघालो ते पश्चिमेला, तेही किंचित उत्तरेकडे झुकून. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट सपाट नकाशावर कमानीसारखी दिसते. आयर्लंड मागे पडलं आणि ती कमान आणखी वर सरकली, कारण समोरून येणारा वारा टाळायचा होता. अटलांटिकवरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसतात. वाऱ्याचा अंदाज पाहून ते रोज नव्याने ठरतात. पश्चिमेकडे जाणारे ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूने, पूर्वेकडे येणारे कॅनडातल्या गँडरहून. नकाशावरची ती रेघ कुणीतरी त्याच दिवशी विचार करून काढली आहे, हे कळल्यावर मला ती फार सुंदर वाटली.

खरा उलगडा परतीच्या रात्री झाला. विमान तसंच, उंचीही जवळपास तेवढीच, पण पडद्यावरचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर. जाताना तो आठशेच्या आतबाहेर होता. विमान हवेच्या तुलनेत दोन्ही वेळा ताशी नऊशेच्या आसपासच उडतं, फरक हवेचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. ताशी दीडशे किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग साडेसातशे, पाठीशी आला तर साडेदहाशे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला, पण हवेच्या तुलनेत ते ध्वनीहून हळूच उडत होतं. (ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्ड या प्रवासी विमानाने १९९६ मध्ये हेच अंतर तीन तासांच्या आत कापलं, पण ती ताकद इंजिनांची.)

विमानाने अटलांटिक विनाथांबा पहिल्यांदा ओलांडला गेला तो १९१९ मध्ये, आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे, म्हणजे वारा पाठीशी घेऊन. उलट दिशेने तसं उड्डाण जमायला १९२८ उजाडलं. विमानं बदलली, वारा मात्र तोच आहे.

झोपेच्या दृष्टीने ही घाई सोयीची नाही. पूर्वेकडची बहुतेक विमानं रात्री सुटतात. जेवण आणि उतरण्याची तयारी वगळली तर झोपायला जेमतेम चार तास मिळतात, आणि वारा जोरात असेल तर त्याहूनही कमी. न्यूयॉर्कहून सकाळी निघून रात्री लंडनला पोचणारी मोजकी विमानं आहेत. पुढच्या वेळी मी तेच तिकीट काढणार आहे, खिडकीजवळचं.