तुम्ही विचारलंत म्हणून: हरणासाठी कुठली गोळी घ्यावी?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी रायफलने हरणं मारायचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो. तो जवळ आला की इथली मराठी मंडळी हमखास विचारतात, "ताई, व्हाइटटेलसाठी (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी) काडतूस कुठलं घेऊ?" (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं इथल्या, परवाना काढून केलेल्या शिकारीबद्दल.)

बहुतेकांना कॅलिबर, म्हणजे नळीच्या व्यासाचा आकडा, ऐकायचं असतं. .२४३, .२७०, .३०८, ६.५ क्रीडमोर, जुनी .३०-०६, यांतली कुठलीही दीडशे यार्डांवर हरणाला पुरून उरते. फक्त नळीवर जे कोरलंय तेच काडतूस घ्या; जवळचा आकडा चालत नाही.

खरा प्रश्न गोळीच्या बनावटीचा. नेमबाजीच्या सरावाची स्वस्त फुल मेटल जॅकेट (टोकापर्यंत धातूचं आवरण असलेली गोळी) शिकारीला नको. ती न पसरता आरपार जाते आणि जखमी जनावर झाडीत कुठेतरी तडफडत मरतं. बऱ्याच राज्यांत तिला मनाईच आहे. सॉफ्ट पॉइंटचं टोक उघड्या शिशाचं असतं. खांद्यामागे बसली की ती पसरते, फुप्फुसं फाटतात, आणि हरीण थोड्याच अंतरावर कोसळतं.

तरीही मी तांब्याची गोळी वापरते, कारण ते मांस माझ्या घरात शिजतं. शिसं फुटलं की त्याचे कण जखमेपासून वीतभर, कधी त्याहूनही लांब जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. एक्स-रेत मात्र पांढरे ठिपके उमटतात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि ते मांस टाकून द्यावं लागलं. लहान मुलांच्या पोटात थोडंही शिसं जायला नको. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली, कारण शिकाऱ्यांनी जंगलात टाकलेली आतडी खाऊन काँडोर, म्हणजे तिथली गिधाडं, मरत होते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपली गिधाडं कशी गेली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जास्त सांगायला नको.

तांब्याच्या गोळीचं टोक पोकळ असतं. आदळल्यावर ते पाकळ्यांसारखं उघडतं आणि गोळीचं वजन जवळपास तेवढंच राहतं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. .३०८ मध्ये शिशाची १५० ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं एकक) वापरत असाल, तर तांब्याची १३० पाहा. तिला वेगही लागतो. आदळताना तो सेकंदाला २,००० फुटांच्या खाली गेला, तर काही गोळ्या नीट उघडत नाहीत. फार लांबून झाडू नका. भाव चढा आहे, पण एका हरणाला एक, फार तर दोन काडतुसं लागतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन-तीन बॉक्स आणा, कारण एकाच्या रायफलला मानवलेली गोळी दुसऱ्याच्या रायफलला मानवेलच असं नाही. आधी नळी साफ करा. मग टेकू घेऊन १०० यार्डांवर प्रत्येकीच्या तीन-तीन झाडा, मध्ये नळी थंड होऊ द्या. जिची तिन्ही भोकं दीड इंचात बसतील, तिचे त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, आणखी बॉक्स मोसमाआधीच घेऊन ठेवा.