गुरूवर जमीन कुठेय?

गुरूचे फोटो बघताना मला लहानपणी एकच प्रश्न पडायचा, की हे पट्टे ढगांचे आहेत ते ठीक, पण ढगांखाली जमीन कुठेय? जमीन नाहीच हे कळलं तरी पटायला बराच वेळ लागला. खाली खाली जात राहा, हायड्रोजन दाट होत जातो, हवा कुठे संपली आणि द्रव कुठे सुरू झाला अशी रेघच सापडत नाही, आणि अजून खोल गेलं की दाबाने तोच हायड्रोजन धातूसारखी वीज वाहून न्यायला लागतो. गुरूचं ते अफाट चुंबकीय क्षेत्र तिथलंच.

एकदा खरंच तिथे यंत्र टाकून बघितलंय. ७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने आत घुसली, पॅराशूट उघडलं आणि जेमतेम तासभर डेटा पाठवत राहिली. मग दाब पृथ्वीवरच्या २२ पट, तापमान १५० अंशांच्या आसपास, खेळ खलास! एवढं करून ती गेली किती आत, तर साधारण १५० किलोमीटर, आणि गुरूची त्रिज्या सत्तर हजार किलोमीटर. म्हणजे सालीलासुद्धा धड ओरखडा नाही.

पण तेवढ्यात एक भारी गोष्ट कळली. वारे जर फक्त सूर्याच्या उन्हावर चालत असतील तर ढगांखाली ते मंदावायला हवेत ना? तर उलट वाढले, आणि वाढलेलेच राहिले. पुढे जुनो यानाने गुरुत्वाकर्षण मोजलं तेव्हा दिसलं की हे पट्टे सुमारे ३००० किलोमीटर खोलपर्यंत जातात.

मग या वाऱ्यांना जोर येतो कुठून? गुरू स्वतःच आतून गरम आहे, जन्माच्या वेळची उष्णता अजून बाहेर टाकतोय. शनीचंही तेच. पण माझा लाडका नेपच्यून! तिथे पृथ्वीच्या नऊशेव्या हिश्शाएवढं ऊन, आणि वारे ताशी २००० किलोमीटर, सूर्यमालेत सगळ्यात जोरदार. सूर्याकडून घेतो त्याच्या अडीच पटीहून जास्त उष्णता तो परत टाकतो. आता शेजारचा युरेनस घ्या, आकाराने जवळपास जुळा भाऊ, पण आतून येणारी उष्णता अगदीच किरकोळ. का, हे भांडण अजून मिटलेलं नाही. कुणी म्हणतं एखाद्या मोठ्या टकरीत त्याचा अक्ष कलंडून तो आडवा झाला तेव्हाच उष्णता निघून गेली, कुणी म्हणतं आतल्या एखाद्या थराने ती दाबून धरलीय. मला दुसरं जास्त पटतं, उगाच.

आणि वादळांचं तर काही सांगूच नका. गुरूचा लाल डाग १८३१ पासून सलग दिसतोय (बारीक होत चाललाय, पण आहे). नेपच्यूनवर व्हॉयेजर २ यानाला १९८९ मध्ये पृथ्वीएवढा काळा डाग दिसला, १९९४ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीने बघितलं तर गायब, आणि त्याच वर्षी उत्तरेकडे दुसराच एक उगवलेला.