लेहला उतरल्या उतरल्या खारदुंग ला? अजिबात नको

विमानाने लेहला जाणार असाल आणि एजंटच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड असेल, तर भांडून तो बदलून घ्या. पहिले दोन दिवस नुसता आराम. आमच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, कापूर हुंगत राहा, काही होत नाही." एका वाक्यात तीन थापा!

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत २१ टक्के, खिंडीतही २१ टक्केच. घटतो तो हवेचा दाब, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो त्याच दाबाने. लेहला (३,५०० मीटर) हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, खारदुंग लावर जेमतेम निम्मा. (तिथल्या जुन्या पाटीवरचे १८,३८० फूटही खोटेच. खरी उंची १७,५८२ फुटांच्या आसपास आहे.)

खरा त्रास साऊथ पुल्लूच्या चेकपोस्टपासून माथ्यापर्यंत. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहतो आणि दाब थोडा उतरला तरी ते धरून ठेवतो. पण भरलेल्या हिमोग्लोबिनचा टक्का, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा, नव्वदच्या खाली गेला की ही पकड एकदम ढिली पडते. थोडं आणखी वर चढलं तरी आकडा धडाधड खाली येतो. माथ्यावर आमच्या एका मित्राला बुटाची नाडी बांधता येईना. नखं जांभळी, ऑक्सिमीटरवर ७१. ड्रायव्हर म्हणाला, "चहा घ्या, बरं वाटेल." चहा राहू द्या, गाडी वळवा. लेहला परतल्यावर तो माणसात आला.

ऑक्सिजनचे छोटे डबे तिथे वाट्टेल त्या भावाने गळ्यात मारतात. घेऊ नका. माणूस नुसता बसून मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. दहा लिटरचा डबा किती पुरणार? आणि कापराने रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही, कोविडमध्ये पोटल्या हुंगून झाल्या तरी लोक ऐकत नाहीत.

ऑक्सिमीटर जरूर न्या, पण त्याच्यावर विसंबू नका. गार बोटावर आणि नेलपॉलिशवर तो चुकतो. शिवाय तो हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो, किती आहे ते नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १५ ऐवजी ८ आहे, तिचा आकडा ९८ दिसला तरी रक्तात ऑक्सिजन निम्माच. निघण्यापूर्वी प्रत्येकाने रक्त तपासून घ्या, बायकांनी तर नक्कीच.

मुक्कामी बंद खोलीत बुखारी (खोली तापवायची चूल) किंवा शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर तेव्हाही छान आकडा दाखवतो. थंडी वाजली तर आणखी एक रजई मागा.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या आदल्या दिवशीपासून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात, सुरुवातीचे दिवस शरीर वाढलेल्या श्वासावरच निभावतं. म्हणून झोपेची गोळी आणि दारू बंद, दोन्हींनी श्वास मंदावतो.

नुब्रा खोरं, पँगाँग सरोवर सुंदर आहेत, फोटो सगळीकडे मिळतील. डोकं फुटेस्तोवर दुखलं, चालताना झोक जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच गाडी काढा आणि खाली उतरा.