ऐंशीच्या स्पीडला कॅडिलॅक

जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्यांचे फोटो सगळेच बघतात, पंख काय, क्रोम काय, पण ती गाडी खरी कळते वेस्ट टेक्सासमध्ये आय-10 हायवेवर, फोर्ट स्टॉकटन गाव मागे पडलं की. तिथे लिमिटच 80 मैल आहे, म्हणजे जवळजवळ 129 किलोमीटर, रस्ता सरळसोट, दोन्हीकडे खुरटी झुडपं, लांबवर डोंगर. आमच्या शेजारच्या आजोबांकडे 1964 ची कॅडिलॅक सेडान डी व्हिल आहे. आजोबा एरवी मोजकंच बोलतात, पण चावी हातात देताना त्यांच्या सूचना संपत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक ब्रेकबद्दलच असतात.

गाडी साडेपाच मीटरच्या वर लांब, वजन दोन टनांहून जास्त, पुढे 429 क्युबिक इंचांचं म्हणजे सात लिटरचं व्ही-8 इंजिन, 340 हॉर्सपॉवर. पेडल दाबलं की बॉनेट किंचित वर उचलतं, कार्बोरेटर खोल घशातून एकदा हुंकारतो, आणि मग काहीच नाही. खरंच काही नाही. काचा बंद, एसी चालू, रेडिओवर कुणीतरी शेतमालाचे भाव सांगतंय, आणि काटा 80 ला कधी गेला ते कळलेलंच नसतं. आत्ताच्या छोट्या गाडीत त्या स्पीडला टायरची खरखर, वारा सगळं कानात येतं, इथे ते सगळं गाळून टाकण्याचेच कंपनीने पैसे घेतले होते. माझं म्हणाल तर वेग लपवण्यात ही माणसं उस्ताद होती. बरं, गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल ज्याने शोधून काढला तो राल्फ टीटर लहानपणापासून आंधळा होता! 1958 मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत हा क्रूझ कंट्रोल पहिल्यांदा आला. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतला प्रत्येक हिसका टीटरला अंगाला जाणवत असणार, आपण डोळस लोक मात्र काट्यावर विसंबून.

लपवलेला वेग बाहेर येतो तो वळणावर आणि ब्रेकवर. एक्झिटचं वळण जरा जोरात घेतलंत की उसाने लादलेल्या ट्रॉलीसारखी अख्खी गाडी एका अंगावर कलते, आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरत असलं तरी पुढची चाकं काय करतायत याचा निरोप हातापर्यंत पोचतच नाही. ब्रेकची तर वेगळीच तऱ्हा. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत शू म्हणजे ब्रेकच्या कमानदार पट्ट्या बाहेरच्या बाजूला दाबल्या जातात, घर्षणाने ड्रम तापतो, तापला की फुगतो म्हणजे शूपासून लांब जातो, वर शूवरच्या अस्तराची, लायनिंगची, पकडही तापल्यावर कमी होते. पहिल्यांदा गाडी झकास थांबते, नाक खाली घालून. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर पेडल आणखी खाली जातं आणि जळका वास येतो, तिसऱ्यांदाची वेळ आणायची नाही असं आजोबांचं म्हणणं. त्यात 60 वरून 80 मैलांवर गेलात की ब्रेकने जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त. म्हणून पुढच्या ट्रकमागे लांबच राहायचं, मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्यायचं, आपण मागे सरकायचं. समोर नुसता कमरेचा पट्टा आणि छातीकडे रोखलेला स्टिअरिंगचा दांडा, हे लक्षात असलं की माणूस आपोआप शहाणा होतो.

हाच रस्ता पुढे एल पासोला जातो, आणि नदीपलीकडे मेक्सिकोतलं सिउदाद ह्वारेस. तिथून मे 1950 मध्ये पहिली कॅरेरा पानामेरिकाना ही गाड्यांची शर्यत सुटली, थेट ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत, तीन हजारांवर किलोमीटर. इटलीहून पट्टीचे ड्रायव्हर अल्फा रोमिओ घेऊन आले होते, पण जिंकला ओरेगनचा हर्शेल मॅकग्रिफ, ओल्ड्समोबिल 88 मध्ये, आणि त्याच्या मागे दुसरी-तिसरी कॅडिलॅक. घरातली सगळी मंडळी घेऊन चर्चला जायच्या गाड्या हो या! ड्रम ब्रेकवर मेक्सिकोचे घाट उतरताना त्यांची काय अवस्था झाली असेल याचा विचार मी गाडी चालवताना तरी करत नाही. बरेच जीव गेल्यावर 1954 नंतर ती शर्यत बंदच केली.

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पाय पूर्ण लांब करून ते राजासारखे बसले. त्यांच्या लहानपणी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ जोडल्या जायच्या, त्या आठवणी निघाल्या, मग मध्येच म्हणाले, "अरे, जरा रेट की, साठ-सत्तरनेच चाललायस का?" मी काटा दाखवला. मैलांचे किलोमीटर करून झाल्यावर त्यांनी पाय आत घेतले आणि सीटची कड धरली. वाटेतल्या व्हॅन हॉर्न गावात पेट्रोल भरलं तेव्हा लिटरला जेमतेम साडेचार किलोमीटर पडले होते, बाबांनी ते रुपयांत मांडून बघितलं, आणि परतीला निघताना स्वतःच म्हणाले, आता एसी बंद ठेव आणि पन्नासने चल.