तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाचं कसलं आलंय गणित?

"नागपुरात राहून बर्फ वितळण्याचं गणित? त्यात एवढं काय असतं?" लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, शेजारच्या काकूंकडून, सगळीकडून हे ऐकलंय. आज उत्तर देते.

अवघड हे, की बर्फ आणि पाणी यांच्यामधली सीमा सरकते. सीमा कुठे आहे हे कळल्याशिवाय किती उष्णता वाहिली ते काढता येत नाही, आणि उष्णता कळल्याशिवाय सीमा सापडत नाही. योझेफ श्टेफान या भौतिकशास्त्रज्ञानं 1890च्या सुमारास ध्रुवाकडच्या समुद्रावरच्या बर्फासाठी हे मांडलं. वरची थंडी तशीच राहिली आणि पहिला सेंटिमीटर गोठायला एक तास लागला, तर दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. जमलेला थरच पुढच्या थराची वाट अडवतो. मला हे अजूनही सुंदर वाटतं.

पण प्रश्न टाळायचे त्याचं कारण वेगळं आहे.

बाबा मे महिन्यात गेले, दुपारी. दादा सकाळच्या विमानानं येणार होता. बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बेटा, तुझाच विषय आहे. सकाळपर्यंत पुरेल?" किलोभर बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांवर जाईल. मनात आकडे मांडले आणि म्हटलं, पुरेल, कूलरचं तोंड इकडे फिरवा. लादी आणणारा पोरगा दारातूनच म्हणाला, "कूलर नका लावू ना जी, पोतं टाका वरतून." मी ऐकलं नाही.

रात्री अडीचला लाद्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. आई चादरीचा भिजलेला कोपरा पिळत होती, पुन्हा पिळत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. पहाटे बर्फ कुठे मिळेना. सातला निघावं लागलं. दादा विमानतळावरून थेट अंबाझरी घाटावर आला.

कूलर हवा गार करतो, पण उष्णता घालवत नाही. ताट्यांतल्या पाण्याची वाफ करून तिच्यात दडवतो. बर्फाच्या गार पाठीवर त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि दडलेली उष्णता बर्फात शिरते. एक ग्रॅम वाफ सातेक ग्रॅम बर्फ वितळवते. वर कूलरचा झोत. माझं मॉडेल हवेचं फक्त तापमान विचारायचं, ओलावा नाही.

बाप गेला त्या दिवशी कोणाला सुचतं, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं, वाफेची उष्णता तर शाळेतच शिकले होते. बर्फवाल्या पोरानं सांगितलंही होतं. दादा म्हणतो, तुझा दोष नाही. मला पटत नाही. कधीकधी पटतंही.

आता समीकरणात वाफेचं पद आहे. मागच्या मे महिन्यात गच्चीवर सावलीत लादी ठेवली, पोतं टाकलं आणि दर पंधरा मिनिटांनी परातीतलं पाणी मोजलं. पोत्याखालची लादी माझ्या आकड्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकली. का, ते शोधतेय.