नावेत झोपलेला देव

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ शांत केल्याचा प्रसंग आहे, तो बहुतेकांना माहीत असतो, पण माझं मन नेहमी वादळाच्या जरा आधी अडकतं. संध्याकाळ झालीय, येशूने दिवसभर लोकांना शिकवलंय, गर्दी इतकी की काठावर उभं राहायला जागा नाही म्हणून नावेत बसूनच बोलावं लागलं, आणि मग शिष्य त्याला होता तसाच त्याच नावेतून पलीकडे घेऊन निघाले. वारा सुटतो, लाटा आत शिरतात, नाव भरायला लागते आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. गाढ झोप, पाण्याने मोडत नाही की आरडाओरड्याने नाही, शिष्यांना जाऊन उठवावं लागतं. मग तो उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्राला म्हणतो "उगा राहा, शांत हो" आणि सगळं निवांत होतं.

आता बघा, दमून झोपणारा आणि समुद्राला गप्प करणारा एकच आहे. ख्रिस्ती विश्वास नेमका इथे उभा आहे. पौल तीमथ्याला लिहितो की तो देहाने प्रकट झाला, योहान सुरुवातीलाच सांगतो की शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देही झाला. आपण ही वाक्यं इतक्या वेळा ऐकलेली असतात की ती कानावरून जातात, पण ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांना ती पचली नव्हती, आणि मला वाटतं ती सहज पचायला नकोतच.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात बऱ्याच जणांना येशू देव आहे हे मान्य करायला जड गेलं नाही, जड गेलं ते तो माणूस आहे हे मान्य करायला. पहिल्या शतकाच्या शेवटी आणि दुसऱ्या शतकात असं शिकवणारे लोक होते की ते शरीर नुसतं दिसायला होतं, देवाला कुठे भूक, घाम, वेदना असणार, वधस्तंभावर जे दिसलं तो भास होता. ऐकायला हे फार आदराचं वाटतं, देवाला चिखलापासून लांब ठेवल्यासारखं. पण योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात वाचा, तो अक्षरशः म्हणतो की आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं. आणि अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस, याला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बेड्या घालून रोमला नेत होते, हिंस्र पशूंपुढे टाकायला. त्या वाटेवर त्याने ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली, त्यात तो साधारण असं विचारतो की ख्रिस्ताने जे सोसलं तो नुसता देखावा असेल तर मग मी या बेड्यांत कशाला आहे? मरायला निघालेल्या माणसाचा प्रश्न आहे हा. ज्याच्यासाठी जीव द्यायचा त्याने खरंच जीव दिला होता की नाही, हे त्याला पक्कं हवं होतं.

आपल्या गोष्टींमधला राजा वेष बदलून रात्री नगरात फिरतो, प्रजेचं सुखदुःख ऐकतो आणि पहाटे महालात परत जातो. येशू तसा आला असता तर आपण त्याचे आभार मानले असते, पण विश्वास ठेवला नसता. वेष उतरवता येतो. त्याने जे घेतलं ते उतरवायचं नव्हतंच.

आणि घेतलं ते किती साधं घेतलं! लूक सांगतो की काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, म्हणजे त्याआधीची सगळी वर्षं जवळजवळ शांतच. जन्माच्या वेळच्या गोष्टी आणि बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडला ती एक गोष्ट सोडली तर काहीच नोंद नाही. नासरेथ, गालीलातलं एक छोटं गाव, तिथे तो सुतार म्हणून ओळखला जायचा, गावकरी नंतर म्हणतात ना की हा तोच सुतार ना, मरीयेचा मुलगा? म्हणजे आयुष्याचा बहुतेक भाग त्याने उपदेश न करता, चमत्कार न करता, हातांनी काम करत काढला. लूक असंही लिहितो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. वाढत गेला, म्हणजे शिकला. आणि मार्क १३ मध्ये तो स्वतः म्हणतो की त्या दिवसाविषयी, म्हणजे शेवटच्या दिवसाविषयी, पुत्रालाही ठाऊक नाही. या वचनावर अनेक जण अवघडतात, घाईने स्पष्टीकरण देऊन पुढे जातात, मला ते पटत नाही. माणूस होणं खरं असेल तर माणसाची मर्यादाही खरीच असणार.

चौथ्या शतकात वाद उलट्या बाजूने पेटला. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवायचा की पुत्र फार थोर आहे पण निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी एक वेळ होती. त्यावर ३२५ साली निकियाला बिशपांची परिषद भरली, आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, आणि तिथे ठरलं की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. तिथे वाद संपला असं वाटेल पण संपला नाही, अथनासियस नावाचा बिशप या विश्वासापायी पाच वेळा हद्दपार झाला, सगळं मिळून १७ एक वर्षं. एका सिद्धांतासाठी एवढं? पण त्याचं म्हणणं सरळ होतं, वाचवायला आलेला स्वतःच निर्माण केलेला असेल तर देव आपल्यापर्यंत आलाच नाही, त्याने कुणालातरी पाठवलं एवढंच.

पुढे अपोलिनारिस नावाचा बिशप म्हणाला की येशूचं शरीर माणसाचं पण मन देवाचं. त्याला ग्रेगरी नाझियान्झसने दिलेलं उत्तर मला फार जवळचं आहे, की जे त्याने धारण केलं नाही ते बरं झालेलं नाही. विचार करा, आपलं सगळ्यात जास्त बिघडलेलं काय असतं? मनच ना? भीती, मत्सर, रात्री झोप उडवणाऱ्या गोष्टी. तेच त्याने सोडून दिलं असतं तर काय उपयोग होता? शेवटी ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत सूत्र ठरलं, एकच व्यक्ती, दोन स्वभाव, एक देवाचा आणि एक माणसाचा, मिसळून एक झालेले नाहीत आणि एकमेकांपासून तुटलेलेही नाहीत. कसं, ते परिषदेने उलगडून सांगितलं नाही, फक्त कुठे चुकायचं नाही त्याच्या रेषा आखल्या, आणि मला तो शहाणपणा वाटतो.

पण परिषदांपेक्षा माझा विश्वास बेथानीतल्या त्या कबरीपाशी जास्त घट्ट झाला. योहान ११. येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत, येशूने येण्याआधीच शिष्यांना सांगितलंय की मी त्याला उठवायला जातोय. म्हणजे पुढे काय होणार हे त्याला माहीत आहे. तरी लाजराची बहीण मरीया हिला आणि तिच्याबरोबरच्यांना रडताना बघून तो कळवळतो, विचारतो त्याला कुठे ठेवलंय, आणि रडतो. दहा मिनिटांत सगळं ठीक होणार म्हणून त्याने त्या बहिणींचं रडणं वरवरचं मानलं नाही. कुणी आपलं गेलं की लोक सांत्वनाला येतात आणि लगेच स्वर्ग, पुनरुत्थान, देवाची योजना असं बोलायला लागतात, त्यांनी हा अध्याय जरा सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आणि तो कुष्ठरोगी, मार्कच्या पहिल्याच अध्यायातला. दुसऱ्या एका प्रसंगी शताधिपतीच्या, म्हणजे सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या, चाकराला येशूने लांबूनच बरं केलं, नुसत्या शब्दाने. म्हणजे हात लावायची गरज नव्हती. पण ज्याला गावाबाहेर राहावं लागायचं, लोक ज्याच्यापासून लांब पळायचे, त्याला त्याने आधी हात पुढे करून स्पर्श केला आणि मग म्हणाला शुद्ध हो. स्पर्शाला शरीर लागतं. हे मला सगळ्या परिषदांचं सार वाटतं.

अजून एक, जे फार कमी बोललं जातं. पुनरुत्थानानंतर ते शरीर टाकून दिलं गेलं नाही. शिष्य घाबरले, त्यांना भूत वाटलं, तर त्याने खायला काही आहे का विचारलं आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खाल्ला. थोमा या शिष्याला जखमा दाखवल्या, म्हणजे जखमाही पुसल्या गेल्या नव्हत्या. आणि त्याच देहासहित तो वर घेतला गेला असं मंडळी आजवर मानत आली आहे. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की आपल्या दुर्बळतेविषयी सहानुभूती नसणारा असा आपला महायाजक नाही, आणि हे लिहिणारा भूतकाळातलं सांगत नाहीये, आत्ता जो आहे त्याच्याविषयी सांगतोय. मी दमून प्रार्थनेला बसते आणि शब्द सुचत नाहीत तेव्हा मला हेच आठवतं, की ऐकणाऱ्याला दमणं म्हणजे काय ते माहीत आहे.